बाराशे गुणांची पत्रिका

लग्नाच्या पत्रिकेत ३६ गुण असतात. १८ जुळले की गुरुजी मान डोलावतात, दोन-चार कमी पडले तर एखादी शांत सुचवतात. कॅनडात कायमचं राहायला जायचं तर तिथल्या पत्रिकेत गुण १२०० आहेत आणि शांत एकही नाही.

माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या वंशाचा हे न बघता त्याचं शिक्षण, वय, भाषा आणि कामधंद्याला गुण देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली आणली. जानेवारी २०१५ पासून तिचं आजचं रूप चालू आहे, एक्स्प्रेस एंट्री. पुण्या-मुंबईत, नाशकात ‘पीआरची (म्हणजे तिकडे कायमचं राहण्याच्या परवानगीची) फाईल टाकली’ असं जे म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. पण फाईल टाकण्याआधी दोन चाळण्या असतात, आणि पहिली पार पडली की झालं असं समजून बरेच जण पेढे वाटून मोकळे होतात.

पहिली चाळणी ६७ गुणांची, १०० पैकी. परदेशात काम केलेल्या कुशल माणसासाठीची ही पात्रता. वय ३२, मास्टर्सची पदवी, पाच वर्षांची नोकरी आणि चांगलं इंग्रजी एवढ्यावर ७२ होतात. पास. पण या पासाचा अर्थ एवढाच, की तुमचं नाव वाट बघणाऱ्यांच्या यादीत पडलं. त्या यादीतला क्रम १२०० च्या हिशोबाने लागतो. त्यातले ६०० तुमचे स्वतःचे. उरलेल्या ६०० मधले जवळजवळ सगळे एखाद्या प्रांताने तुमचं नाव पुढे केलं तरच.

याच माणसाचा दुसरा हिशोब मांडून बघू. लग्न झालेलं नाही असं धरलं, तर ३२व्या वर्षाचे ९४. मास्टर्सचे १३५. इंग्रजीच्या चारही कौशल्यांत नववी पातळी असेल तर प्रत्येकी ३१, म्हणजे १२४. शिवाय शिक्षण आणि भाषा या जोडीचे ५०, परदेशातला अनुभव आणि भाषा या जोडीचे ५०. बेरीज ४५३.

आता नववी पातळी म्हणजे काय, तर आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं या तिन्हींत ७. समजा, लेखनात ७ ऐवजी ६.५ आले. अर्धा बँड. लेखनाचे ३१ चे २३ झाले, हे आठ गेले असं वाटतं. पण जोडीचे पन्नास-पन्नास गुण मिळायला चारही कौशल्यांत नववी पातळी लागते. एक घसरलं की दोन्ही जोड्या पंचविसावर येतात. आठ आणि पन्नास, एकूण ५८. बेरीज ३९५. सगळ्या पत्रिकेत एवढी महाग दुसरी जागा नाही, आणि नेमकी तीच जागा ‘इंग्लिश मीडियमला होतो, बघून घेऊ’ म्हणून सोडून दिली जाते.

लेखनाच्या पेपरला एक तास असतो. आधी किमान १५० शब्दांचं पत्र, मग किमान २५० शब्दांचा निबंध, आणि निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. पत्र सोपं म्हणून पहिली तीस-पस्तीस मिनिटं त्यातच जातात आणि निबंध शेवटी धावत-पळत होतो. पत्राला वीस मिनिटं, निबंधाला चाळीस, हा हिशोब घड्याळ लावून हाताला बसवावा लागतो. दुसरी चूक क्लासमधली: पाठ केलेली भारदस्त वाक्यं. तपासणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात, कारण त्यांचा विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नसतो. निकाल दोन वर्षं चालतो, त्यानंतर परीक्षा पुन्हा.

वयाचं गणित त्याहून निष्ठुर. २० ते २९ पूर्ण ११०. तिसाव्या वाढदिवसाला १०५, आणि मग दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात. चाळीशीला ५० उरतात, पुढे वर्षाला अकरा-अकरा जातात आणि पंचेचाळीसला शून्य. तुमची फाईल तयार नाही म्हणून वाढदिवस थांबत नाही. जोडप्याच्या बाबतीत मुख्य अर्जदार कोण यावर बराच फरक पडतो. घरात ‘अर्ज यांच्या नावाने’ हे न बोलता ठरलेलं असतं. दोघांचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडून बघा. बायको तीन वर्षांनी लहान, शिक्षण तेवढंच आणि इंग्रजी बरं असेल, तर अर्ज तिच्या नावाने आणि नवरा सोबत, हेच शहाणपणाचं.

आपल्याकडे या निवडीला सोडत म्हणतात, म्हणून म्हाडाची आठवण होते. पण इथे चिठ्ठ्या नसतात. वरून खाली नावं उचलत जातात, जागा संपल्या की थांबतात, आणि शेवटचा आकडा जाहीर होतो. शेवटच्या आकड्यावर गर्दी असेल तर ज्याने आधी नाव टाकलं तो आत. हा आकडा कुठेही जाऊ शकतो. १३ फेब्रुवारी २०२१ ला, करोनाने सीमा बंद असताना, कॅनडात आधीच काम करणाऱ्यांसाठीची एक सोडत ७५ वर थांबली आणि २७,३३२ जणांना बोलावणं गेलं. तसं पुन्हा होईल म्हणून वाट बघणारे अजून आहेत. २०२४ मधल्या सर्वसाधारण सोडती पाचशेच्या वर थांबल्या. आणि मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण काढूनच टाकलेत, कारण ऑफरची पत्रं विकत मिळायला लागली होती.

मग ४५३ वाल्याने करायचं काय? माझं मत विचाराल तर फ्रेंच. २०२३ पासून ठरावीक गटांसाठी वेगळ्या सोडती निघतात, त्यात फ्रेंच येणाऱ्यांचा गट आहे. मार्च २०२५ मधली त्यांची एक सोडत ३७९ वर थांबली. चारही कौशल्यांत सातवी पातळी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी-टू, गाठली तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि वरचे खास ५०, असे ६२ मिळतात. ४५३ चे ५१५ होतात आणि वेगळ्या रांगेत उभं राहता येतं ते निराळंच. अर्थात शून्यापासून बी-टूपर्यंत यायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, आणि तेवढ्यात एक वाढदिवस येतो. तेवढे गुण वजा करूनही हिशोब फायद्याचाच बसतो. तीन महिन्यांत फ्रेंच शिकवतो म्हणणाऱ्या क्लासची फी भरू नये.

गुणांचं एवढं झालं. पण माणसं अडकतात ती गुणांत कमी आणि कागदांत जास्त. पदवी घेतली, नोकरी केली, लग्न केलं हे तुम्हाला माहीत आहे, गावाला माहीत आहे. अर्ज वाचणाऱ्याच्या समोर फक्त कागद असतात आणि ते एकमेकांशी जुळले पाहिजेत.

सुरुवात पदवीपासून. ती कॅनडातल्या कुठल्या पदवीइतकी, हे वेससारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून लिहून घ्यावं लागतं. हा अहवाल पाच वर्षं चालतो. त्यासाठी लागते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयवार गुणांचा विद्यापीठाने दिलेला उतारा. तो विद्यापीठाने स्वतः पाठवायचा, पाकीट बंद करून, जोडावर शिक्का मारून, नाहीतर थेट त्यांच्या यंत्रणेतून. घरी आणून, उघडून, तपासून पुन्हा चिकटवलेलं पाकीट बाद. केटी लागली असेल तर त्या प्रयत्नाची मार्कशीटही हवी. पास झालेली तेवढीच लावून चालत नाही. आणि एखाद्या सेमिस्टरची मार्कशीट हरवलेली असते, तेव्हा आधी तिची दुय्यम प्रत, मग ट्रान्सक्रिप्ट, अशी दुहेरी वारी होते. परीक्षांचे निकाल लागायच्या दिवसांत विद्यापीठाच्या खिडकीवर हे काम घेऊन जाऊ नये एवढं सांगतो.

यात आपली एक खास गंमत. पदवीवर ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’, मोठ्या भावाच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’, आणि ट्रान्सक्रिप्ट येते ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या लेटरहेडवर, कारण २०१४ साली नामविस्तार झाला. १९९४ च्या आधीची मराठवाडा विद्यापीठाची पदवी, २०१८ च्या आधीची उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, यांचंही तेच. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं की पुरतं. पण ते जोडावं लागतं. समोरच्याला आपला इतिहास ठाऊक असेल असं धरून चालू नये.

त्याहून मोठं प्रकरण नावाचं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात. जुन्या कंपनीच्या पत्रावर नुसतं ‘एस. आर. पाटील’. ज्ञानेश्वर शाळेत डी-एन-वायने लिहिलेला, आधारवर जी-वायने. यातला प्रत्येक कागद खरा आहे आणि तरीही ही चार वेगळी माणसं दिसतात.

बाईच्या बाबतीत तर तीनपैकी तीनही बदलू शकतात. उदाहरणापुरतं: दहावीपासून पदवीपर्यंत कुलकर्णी मेघना अनंत. पहिली नोकरी आणि पीएफचं खातं त्याच नावाने. लग्नानंतर पासपोर्ट देशपांडे मेघना सचिन. आणि लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं असेल आणि कुणी हौसेने ते रेशन कार्डावरही चढवलं असेल, तर मेघनाची मधुरा झालेली असते. अशा वेळी क्रम असा ठेवावा: पासपोर्टवरचं नाव हे खरं नाव. परीक्षा, बँक, मेडिकल सगळं त्याच नावाने, अक्षर न् अक्षर तेच. जुन्या नावाच्या कागदांना विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लागते, नुसत्या नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये. आणि अर्जात ‘याआधी दुसरं नाव वापरलं आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं नाही. माहेरचं नाव म्हणजे दुसरं नावच. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचंही नाव आलं आहे. ती मुलं पंचवीस वर्षांनी असे अर्ज भरतील तेव्हा चार शब्दांचं काय करायचं, ते त्यांचं त्यांना ठरवावं लागेल.

आता अनुभवाचं पत्र. सगळ्यात जास्त अर्ज इथे पडतात असं माझं निरीक्षण आहे. आपल्याकडचं पत्र साधारण असं असतं: ‘श्री. अमुक यांनी १ जून २०१७ ते ३० सप्टेंबर २०२१ या काळात आमच्याकडे सीनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केले. त्यांचे वर्तन समाधानकारक होते. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ यातल्या तारखा कामाच्या. बाकी शोभेचं. सीनियर एक्झिक्युटिव्ह म्हणजे हिशोब लिहिणारा, माल विकणारा की संगणक दुरुस्त करणारा? आठवड्याला किती तास? पगार किती? आणि वर्तन समाधानकारक होतं याला तिकडे शून्य गुण.

त्यांना हवं असतं ते असं: कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल, हुद्दा आणि तो बदलला असेल तर प्रत्येकाच्या तारखा, रोजची कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. कामांची यादी महत्त्वाची, कारण हुद्द्याच्या नावावरून नव्हे तर कामावरून तुमचा पाच आकडी धंदा-क्रमांक ठरतो. ६२२०० म्हणजे शेफ, ६३२०० स्वयंपाकी, ६५२०० वाढपी. दुसरा आकडा दर्जा सांगतो; शून्य ते तीन चालतात, चार आणि पाच या मार्गाने मोजतच नाहीत. म्हणजे एकाच हॉटेलात भटारखान्यातला माणूस बसतो आणि बाहेर वाढणारा बसत नाही. कुणी मग सरकारी यादीतली कामं जशीच्या तशी उतरवून त्यावर सही घेतो. तीही चूक. अधिकाऱ्याला ती यादी तोंडपाठ असते. आपण काय करत होतो ते आपल्या शब्दांत, यंत्रांची आणि कामाची नावं घेऊन लिहावं. यादीशी ते आपोआप जुळतं, नाही जुळलं तर क्रमांक चुकलाय.

एचआर मात्र ‘आमचा ठरलेला नमुना आहे, त्यात बदल होत नाही’ म्हणून हात वर करतं. मग तेव्हाच्या साहेबाकडून किंवा सहकाऱ्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यावं, एचआरने नकार दिल्याचा ईमेल जोडावा, आणि त्याला नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचं पासबुक यांचा टेकू द्यावा. चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोख पगारावर आठ वर्षं वेल्डिंग केलेल्याची इथे पंचाईत होते. हात सोन्याचा, पण स्लिप एकही नाही. बँकेत पगार घ्यायला आजच सुरुवात करणं एवढाच उपाय. सलग एक वर्षाचा, आठवड्याला ३० तासांचा पुरावा ही किमान अट आहे.

पैशाचा पुरावाही असाच आपल्या घरांच्या रीतीशी भांडतो. चौघांच्या कुटुंबाला जुलै २०२५ पासूनचा आकडा २८,३६२ कॅनेडियन डॉलर, एकट्याला १५,२६३. हे पैसे मोकळे असावे लागतात आणि कर्जाचे नसावेत. सातबारा चालत नाही, फ्लॅट चालत नाही, तोळे चालत नाहीत. मुदत ठेव चालते. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती आणि कर्ज किती, हे सगळं हवं. आपल्या शाखेच्या छापील दाखल्यात आजची शिल्लक तेवढी असते, म्हणून मसुदा स्वतः टाईप करून मॅनेजरसमोर ठेवावा. अर्जाच्या आधल्या महिन्यात सासऱ्यांनी वीस लाख टाकले, तर सरासरी तोंड उघडते. ती भेट असेल तर बक्षीसपत्र आणि त्यांच्याकडे पैसे कुठून आले याचा कागद जोडायचा.

बोलावणं आल्यावर हातात ६० दिवस असतात, आणि पोलिसांचा दाखला वगैरे त्या ६० दिवसांत बसवायचे असतात. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येकाचा दाखला लागतो. आखाती देशांत राहून आलेल्या रत्नागिरी-रायगडकडच्या लोकांनी हे आधीच लक्षात घ्यावं. तो देश सोडल्यावर तिथला दाखला मिळवणं म्हणजे वकिलातीचे हेलपाटे आणि बोटांचे ठसे. निघतानाच घेऊन ठेवलेला बरा. दहा वर्षांचा महिनावार इतिहासही भरायचा असतो. तीन महिने घरी बसला असाल तर ‘बेकार’ असं लिहायचं, लाजून रिकामं सोडायचं नाही.

मेडिकल ऑगस्ट २०२५ पासून अर्जाच्या आधीच करावं लागतं, तेही त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला असला तरी छातीच्या एक्स-रेवर डाग दिसतो. मग थुंकीचे तीन नमुने कल्चरला जातात आणि निकालाला दीड-दोन महिने लागतात. जुन्या उपचारांचे कागद सोबत न्यावेत.

बायको-मुलं आत्ता येणार नसली तरी त्यांची नावं अर्जात घालावीत आणि त्यांचं मेडिकलही करावं. वगळलेल्या मुलाला नंतर बोलावता येत नाही. फाईल चालू असताना बाळ झालं तरी कळवायचं. आई-वडील मात्र या अर्जात बसत नाहीत.

खोटा कागद लागला तर पाच वर्षं दार बंद, आणि तो एजंटने परस्पर लावला होता ही सबब चालत नाही. पैसे घेऊन काम करणारा तिकडचा परवानाधारक सल्लागार किंवा वकील नसेल तर तो अर्जावर स्वतःचं नाव लिहूच शकत नाही. अर्जाचा पासवर्ड एजंटकडे आणि अर्जदाराला काय भरलंय ते ठाऊक नाही, अशा फायलींपासून लांब राहिलेलं बरं.

आणखी एक गैरसमज. पीआर मिळाला म्हणजे कुठलाही पेशा करायची मुभा मिळाली असं नाही. फार्मासिस्टला तिकडच्या मंडळाकडून आधी कागद तपासून घ्यावे लागतात, मग परीक्षा. नर्सला नोंदणी आणि एनक्लेक्स ही परीक्षा. या परीक्षांची तयारी इथूनच, निदान कागद तपासून घेण्यापर्यंत तरी, सुरू करता येते. पीआर हातात येईपर्यंत थांबणारे पुढची वर्षं गोदामात खोकी उचलतात.

शेवटी विमानतळ. उतरताना सोबतच्या आणि मागून येणाऱ्या सामानाच्या दोन याद्या द्यायच्या असतात, वस्तू आणि किंमतीसकट. स्वतःच्या, वापरलेल्या वस्तूंवर कर नाही. लग्नाला तीन महिने झाले नसतील तर आहेरातल्या न वापरलेल्या वस्तूही चालतात. दागिन्यांची ओळख फोटोवरून आणि सराफाच्या मूल्यांकनावरून पटते. तेव्हा निघण्याआधी आईच्या पाटल्या, मोहनमाळ, ठुशी, सगळं एका पांढऱ्या चादरीवर मांडून, प्रत्येकाचा वेगळा फोटो काढून, वजन आणि किंमत खाली लिहून घ्यावी. मागून येणाऱ्या यादीत आज नाव नसलेली वस्तू पुढच्या खेपेला आणली, तर ती कराविना आत जात नाही.